फक्त तीन लॉगिन असलेल्या सर्व्हरने कर्नलमधल्या ‘लोकल’ दोषाची काळजी का करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका लिनक्स सर्व्हरवर शेल लॉगिन फक्त तिघांकडे आहे आणि तिघेही विश्वासातले. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फाइल सिस्टीम कोडमध्ये दोष सापडल्याची सूचना आली आहे, हल्ल्याचा मार्ग ‘लोकल’ असा नोंदवला आहे आणि २०२१ च्या ‘सिकोया’ दोषाचा दाखला दिला आहे. बाहेरचा माणूस आत येऊच शकत नसेल तर रीबूटची घाई कशाला, हा पहिला प्रश्न. डिरेक्टरीचा पाथ लांबवून कोणी रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, कसा काय होतो, हा दुसरा.

दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे. पण पहिल्यावर तुमचं या आठवड्याचं काम ठरणार आहे, म्हणून ते उत्तर आधी: घाई करा.

लोकल दोष वापरायला हल्लेखोराला त्या यंत्रावर सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) करता आले की पुरतं. पासवर्ड, एसएसएच की, खुर्चीत बसलेला माणूस, यांपैकी काहीच लागत नाही. तुमच्या सर्व्हरवर माणसं तीन असतील, पण प्रोग्रॅम किती चालतात ते मोजा. वेब सर्व्हर, त्यामागचं पीएचपी किंवा पायथन, डेटाबेस, मेल पाठवणारी सेवा, लॉग गोळा करणारा एजंट, मॉनिटरिंग. यातला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःच्या साध्या खात्याने चालतो आणि कर्नलच्या लेखी ते खातं तुमच्या तिघांच्याच पंगतीतलं असतं. वेबसाइटच्या एखाद्या प्लगइनमध्ये फाइल अपलोडची चूक निघाली, किंवा बिल्डच्या वेळी ओढून घेतलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये कोणी काहीतरी पेरलं, की अनोळखी माणसाचा कोड तुमच्या यंत्रावर साध्या खात्याने चालू लागतो. तिथे त्याला अडवणारी एकच भिंत उरते, ती म्हणजे कर्नलने राखलेली परवानग्यांची. लोकल दोष नेमकी तीच पाडतो.

रॅन्समवेअर टोळ्या हे पक्कं जाणून असतात. विंडोजच्या सीएलएफएस या लॉग फाइल ड्रायव्हरमधला सीव्हीई-२०२३-२८२५२ (सीव्हीई म्हणजे जाहीर दोषाला दिलेला क्रमांक) हा दोष कॅस्परस्कीच्या संशोधकांना सापडला तो नोकोयावा रॅन्समवेअरच्या हल्ल्यात, आणि तोही लोकलच होता. आत शिरायची सोय त्या लोकांकडे आधीच असते. त्यांना हवी असते पुढची पायरी.

गुणांकनाबद्दल एक तक्रार इथेच नोंदवतो. दोषाची तीव्रता दहापैकी मोजणाऱ्या सीव्हीएसएसवर सिकोयाला ७.८ गुण आहेत, डर्टी पाइप या २०२२ च्या दोषालाही ७.८. साध्या खात्यावरून पूर्ण ताबा देणाऱ्या लोकल दोषाचा आकडा सूत्रानुसार साधारण तिथेच अडकतो. मग ‘नवाच्या वर असेल तरच तातडीने पॅच’ असा नियम केलेल्या ठिकाणी हे दोष महिनोन् महिने पडून राहतात. सूत्र प्रत्येक दोष सुटा मोजतं, दोन दोषांची साखळी मोजत नाही. त्या आकड्यावर विसंबून रीबूटचं वेळापत्रक ठरवणं मला तरी पटत नाही.

आता सिकोया. सीव्हीई-२०२१-३३९०९. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी तो २० जुलै २०२१ रोजी जाहीर केला. कर्नलमध्ये तो जुलै २०१४ मधल्या एका बदलाने, म्हणजे ३.१६ आवृत्तीपासून आला होता. सात वर्षं हा कोड जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर चालत होता आणि त्यावरून अगणित वेळा नजरा फिरल्या असतील. तरी तो दिसला नाही, कारण चूक कुठल्या एका ओळीत नव्हतीच.

/प्रॉक खालच्या फाइली डिस्कवर नसतात, हे तुम्हाला माहीत असेल. कोणी वाचायला लागलं की कर्नल तिथल्या तिथे मजकूर तयार करून देतो. हे काम करणारी कर्नलमधली सामाईक यंत्रणा म्हणजे सेक-फाइल. तिचा नियम सरळ आहे. एक नोंद, म्हणजे बहुधा एक ओळ, बफरमध्ये (मजकूर तात्पुरता ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यात) अख्खी मावली पाहिजे. नाही मावली तर बफर टाकून द्यायचा, दुप्पट आकाराचा घ्यायचा आणि ओळ पहिल्यापासून लिहायची. सुरुवात ४०९६ बाइटांच्या एका पानापासून होते. दुप्पट करत गेलं की एकोणिसाव्या वेळेला आकार २ गिगाबाइट होतो.

२०१४ पर्यंत हा प्रवास मध्येच थांबायचा, कारण सलग भौतिक मेमरीचा एवढा मोठा तुकडा कर्नल देऊच शकत नव्हता. त्या वर्षीच्या बदलाने, सलग तुकडा मिळाला नाही तर व्हीमॅलॉकने विखुरलेली पानं जोडून बफर द्या, अशी सोय केली. सोय रास्त होती. मोठ्या यंत्रांवर /प्रॉकच्या काही फाइली वाचताना मेमरी मिळत नसे, ती अडचण तिने सुटली. फक्त एक अलिखित मर्यादा त्यात नाहीशी झाली, आणि पलीकडचा बराच कोड त्या मर्यादेवर नकळत टेकून उभा होता.

तो पलीकडचा कोड म्हणजे पाथ लिहिणारी फंक्शनं. सेक-फाइल स्वतः बफरचा आकार साइज-टी प्रकारात ठेवते. ६४ बिटांच्या यंत्रावर तो प्रकार कधी भरून वाहणार नाही, त्याआधी मेमरी संपेल. पण /प्रॉक/सेल्फ/माउंटइन्फो (जोडलेल्या फाइल सिस्टीमांची यादी) या फाइलची ओळ तयार करताना हाच आकार डेंट्री-पाथ नावाच्या फंक्शनकडे जातो आणि तिथे तो इंट म्हणून घेतला जातो: ३२ बिट, चिन्हासह. इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७. दोन गिगाबाइट म्हणजे २१४७४८३६४८. फरक फक्त एकाचा, पण त्या एकाने सर्वांत वरचा बिट उठतो आणि आकार उणे २१४७४८३६४८ होऊन बसतो.

इथून पुढचं सावकाश वाचा. पाथ लिहिणारा कोड बफर शेवटाकडून सुरुवातीकडे भरतो, कारण डिरेक्टरीच्या झाडात मुलाकडून आईकडे चढत जावं लागतं आणि शेवटचं नाव आधी हाती येतं. म्हणून तो आधी बफरच्या शेवटाचा पत्ता काढतो: सुरुवात अधिक आकार. आकार उणे असल्यामुळे हा ‘शेवट’ बफर सुरू होण्याच्याही २ गिगाबाइट मागे जातो. पुसून टाकलेल्या डिरेक्टरीच्या नावापुढे कर्नल ‘//डिलीटेड’ असं शेपूट लावतो. रोमन लिपीत ती ९ अक्षरं आणि शेवटचा शून्य मिळून १० बाइट. शेपूट लिहिण्याआधी जागा उरली आहे का याची तपासणी होते: आकारातून १० वजा करा, उत्तर उणे आलं तर परत फिरा.

तपासणी आहे, आणि तरीही उपयोग नाही. इंटच्या सर्वांत खालच्या संख्येतून आणखी १० वजा केले की ती खालून घसरून वर येते आणि २१४७४८३६३८ अशी भलीमोठी धन संख्या होते. कर्नल ज्या पर्यायांनी कंपाइल होतो त्यांत हे गुंडाळणं ठरलेलंच असतं, कंपायलरच्या लहरीवर नसतं. आकार उणे आहे का एवढं वजाबाकीच्या आधी विचारलं असतं तर चूक जागीच पकडली गेली असती. विचारलं गेलं वजाबाकीनंतर. तपासणी म्हणते, जागा भरपूर आहे. आणि १० बाइट जाऊन पडतात बफरच्या मागे २ गिगाबाइट १० बाइट अंतरावर.

त्यानंतर जे घडतं ते हल्लेखोराच्या पथ्यावर पडतं. आकार आता धन झाल्यामुळे उरलेला सगळा पाथ बफरच्या आतच, नीट जागेवर लिहिला जातो. म्हणजे हद्दीबाहेर जातात ते नेमके दहाच बाइट, नेमक्या ठरलेल्या अंतरावर. शेकडो मेगाबाइट इकडेतिकडे सांडले असते तर कर्नल कोसळला असता आणि हा दोष यंत्र बंद पाडण्यापलीकडे गेला नसता.

पण दहा बाइट, तेही आपल्या मर्जीचे नाहीत, मजकूर कायम ‘//डिलीटेड’च. एवढ्यावर रूट कसं? इथे क्वालिसच्या लोकांचं कसब आहे. कर्नलमध्ये ईबीपीएफ नावाची सोय आहे. साध्या प्रक्रियेने दिलेला छोटा प्रोग्रॅम कर्नल आधी तपासून घेतो, तो हद्दीबाहेर जात नाही याची खात्री करतो आणि मग यंत्रभाषेत बदलून स्वतःच्या आत चालवतो. हा प्रोग्रॅमही व्हीमॅलॉकच्या जागेतच राहतो. तपासणी झाली पण भाषांतर व्हायचं आहे, अशा क्षणी त्यांनी ती प्रक्रिया रोखून धरली, त्यासाठी युजरफॉल्ट-एफडी (मेमरीचं पान कधी द्यायचं ते प्रोग्रॅमच्या हाती देणारी सोय) किंवा फ्यूज (साध्या प्रोग्रॅमने चालवलेली फाइल सिस्टीम) वापरलं, आणि दरम्यान ते दहा बाइट त्या प्रोग्रॅमच्या एका सूचनेवर पाडले. तपासनीसाने शिक्का मारल्यानंतर कागदावरचा मजकूर बदलावा, तसा हा प्रकार. हद्द तपासणारी सूचना खराब झाली, आणि मंजूर झालेला प्रोग्रॅम आता मंजुरीबाहेरची मेमरी वाचू-लिहू लागला. तिथून कर्नलच्या कुठल्याही पत्त्यावर लिहिण्यापर्यंतची वाट संशोधकांना आधीपासून ठाऊक होती. उबुंटू २०.०४, २०.१० आणि २१.०४, डेबियन ११ आणि फेडोरा ३४ वर्कस्टेशन, यांच्या नेहमीच्या स्थापनेवर त्यांनी रूट मिळवून दाखवला.

लांब पाथाचं गणितही मजेशीर आहे. पाथाला ४०९६ बाइटांची मर्यादा असते, असं शिकवलं जातं. ती मर्यादा एका सिस्टीम कॉलला दिलेल्या मजकुराला आहे, झाडाच्या खोलीला नाही. डिरेक्टरी करा, तिच्यात जा, पुन्हा करा, पुन्हा जा. कुठल्याच पायरीवर लांब पाथ लिहावा लागत नाही. एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा, वर एक तिरपी रेघ. ओळ १ गिगाबाइटच्या बफरात मावली नाही की बफर २ गिगाबाइटचा होतो, आणि अशा हिशोबाने १ गिगाबाइट गाठायला जवळजवळ ४२ लाख डिरेक्टऱ्या लागतील. पण माउंटइन्फोत ओळ लिहिताना बॅकस्लॅशसारखी अक्षरं अष्टमान संकेतात, म्हणजे एकाची चार करून लिहिली जातात. नाव केवळ बॅकस्लॅशचं ठेवलं तर २५५ चे १०२० होतात आणि काम साडेदहा लाखांच्या आसपास भागतं. क्वालिसने आपल्या पद्धतीला लागणारा खर्चही दिला होता: सुमारे १० लाख इनोड (दर फाइल किंवा डिरेक्टरीमागे एक नोंद) आणि ५ गिगाबाइट मेमरी. आजच्या सर्व्हरवर ही काही अडचण नव्हे.

दुरुस्ती दोन-तीन ओळींची आहे. सेक-फाइलचा बफर एका वाचन-लेखनाच्या कमाल मर्यादेपेक्षा, म्हणजे २ गिगाबाइटला एक पान कमी, याहून मोठा मागितला तर सरळ नकार. ती ५.१३.४ मध्ये आणि त्याच सुमाराच्या इतर स्थिर आवृत्त्यांत आली. आत इंट आणि साइज-टीचा घोळ तसाच ठेवून दाराशी पहारा बसवला, अशी टीका यावर करता येईल. मला हा निर्णय योग्य वाटतो. दोन गिगाबाइटची एक ओळ /प्रॉकमधून मागण्याचं प्रामाणिक कारण कोणाकडेच नसतं. आणि आतली प्रत्येक सही बदलणारा पॅच सात वर्षांच्या जुन्या कर्नलांवर मागे नेताना नव्या चुका होण्याची धास्ती जास्त.

आता यामागचा मोठा प्रश्न. हे दोष फाइल सिस्टीमच्याच भागात इतके का सापडतात? सिकोयात आणखी एक गोष्ट लागली होती: त्या अजस्र डिरेक्टरीचा बाइंड माउंट, म्हणजे तीच डिरेक्टरी झाडात दुसऱ्या जागीही जोडणं. माउंट करणं पूर्वी फक्त रूटचं काम होतं. २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून साधा वापरकर्ता स्वतःची युजर नेमस्पेस उभी करू शकतो आणि त्या कुंपणात तो रूटसारखा वागतो. कंटेनरवाल्यांसाठी आणि ब्राउझरच्या सँडबॉक्ससाठी ही सोय सोन्यासारखी. पण माउंटचा सगळा कोड लिहिला गेला तेव्हा गृहीत असं होतं की इथवर पोचणारा माणूस आधीच रूट आहे, तो कर्नलला फसवून काय मिळवणार? त्या गृहीतकावर उभ्या असलेल्या कोडच्या दाराचं कुलूप काढलं गेलं आणि आतल्या खोल्यांची झडती मात्र नंतर, दोष सापडत गेले तशी, होत राहिली.

जानेवारी २०२२ मधला सीव्हीई-२०२२-०१८५ याचं चोख उदाहरण आहे. माउंटचे पर्याय एका पानात साठवणाऱ्या कोडमध्ये तपासणी होती: नव्या मजकुराची लांबी ‘४०९६ वजा २ वजा आतापर्यंत भरलेलं’ यापेक्षा जास्त आहे का? भरलेलं ४०९५ झालं की उजवी बाजू उणे एक. पण प्रकार बिनचिन्हाचा, त्यामुळे उणे एकची होते प्रचंड मोठी संख्या, आणि तपासणी कायमची पास. दुरुस्तीत वजाबाकी काढून बेरीज केली: भरलेलं अधिक नवीन अधिक २, हे ४०९६ पेक्षा मोठं आहे का? बस, एवढंच. सीचा कोड तपासताना मी हद्दीच्या तपासणीत वजाबाकी दिसली की तिथेच थांबतो. ही सवय लावून घ्या, तिने बरंच काही सापडतं. हा दोष ५.१ पासून होता आणि वापरायला युजर नेमस्पेसमधलं खोटं रूटपण पुरेसं होतं.

दोन्ही उदाहरणं मेमरी बिघडवणारी आहेत, पण सगळे दोष तसे नसतात. मला तर तर्काच्या चुका अधिक घातक वाटतात, कारण त्यांत कर्नल कोसळत नाही, पत्त्यांचा अंदाज बांधावा लागत नाही आणि युक्ती पहिल्या फटक्यात चालते. ओव्हरले-एफएस घ्या. ही फाइल सिस्टीम खालचा थर फक्त वाचते आणि बदल करायची वेळ आली की ती फाइल वरच्या थरात उचलून आणते. सीव्हीई-२०२३-०३८६ मध्ये खालचा थर हल्लेखोराच्या स्वतःच्या फ्यूज फाइल सिस्टीमचा असायचा. ती खुशाल सांगायची की ही फाइल रूटच्या मालकीची आहे आणि तिच्यावर सेट-यूआयडी बिट (कोणीही चालवली तरी फाइल मालकाच्या अधिकाराने चालते) आहे. फ्यूजवर तो बिट निष्प्रभ असतो. पण ओव्हरलेने फाइल वर आणताना, हा मालक या नेमस्पेसमध्ये मान्य आहे का, हे विचारलंच नाही आणि मालकी व बिट जसेच्या तसे खऱ्या डिस्कवर उतरवले. झाली तयार, चालवताच रूट देणारी फाइल. एकही बाइट हद्दीबाहेर न जाता.

आणि डर्टी पाइप, सीव्हीई-२०२२-०८४७. हा काटेकोरपणे फाइल सिस्टीमचा नाही, पाइप (दोन प्रोग्रॅममधली मजकुराची नळी) आणि पेज कॅश (फाइलींची मेमरीतली प्रत) यांच्या सांध्यातला आहे. पण तुमच्या पुढच्या कामासाठी तो महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतो. मॅक्स केलरमान यांना तो सापडला तो लॉगच्या जीझिप फाइलींची शेवटची बेरीज अधूनमधून का चुकते, याचा माग काढताना. ७ मार्च २०२२ रोजी त्यांनी तो जाहीर केला. पाइपच्या नव्या नोंदीत एक फ्लॅग पुसला जात नव्हता, त्यामुळे फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलच्या कॅशमधल्या पानावर लिहिता यायचं. ५.८ पासूनचे कर्नल यात आले. गोम अशी की हे पान ‘बदललेलं’ म्हणून नोंदलं जात नव्हतं. दुसऱ्या कोणी त्याच पानावर रीतसर लिहिलं नाही, तर बदल डिस्कवर जातच नाही. मेमरीत पासवर्डची फाइल वेगळी, डिस्कवर जुनीच. म्हणून संशय असेल तर रीबूट करण्याआधी पुरावा घ्या, कारण रीबूटने तो कदाचित निघून जाईल.

डिस्क इमेजची गोष्ट थोडक्यात. बनावट इमेज माउंट केली तर कर्नलमधल्या फाइल सिस्टीम कोडला चकवता येतं, हे सर्वांना ठाऊक आहे. ईएक्सटी-४ आणि एक्सएफएससारख्यांचे विकासक बरीच वर्षं सांगत आले आहेत की वाकडी इमेज पचवणं हा त्यांचा दावा नाही, परकी इमेज माउंटच करू नका. विंडोजवर मार्च २०२५ मध्ये दुरुस्त झालेला एनटीएफएसमधला सीव्हीई-२०२५-२४९९३ हाच धडा देतो: वापरकर्त्याला बनावट व्हीएचडी (आभासी डिस्कची फाइल) माउंट करायला लावायची, पुढचं ती करते. कधी तर कर्नलचा दोषही लागत नाही. जून २०२५ मध्ये क्वालिसने जाहीर केलेला सीव्हीई-२०२५-६०१९ हा डिस्क हाताळणाऱ्या यू-डिस्क्स सेवेच्या मागच्या लिब-ब्लॉकडेव्ह लायब्ररीतला. एक्सएफएस इमेजचा आकार बदलताना ती इमेज काही काळ तात्पुरत्या जागी माउंट व्हायची, आणि तिथे सेट-यूआयडी आणि उपकरण-फाइली निष्प्रभ करणारे नोसूइड व नोडेव्ह हे पर्याय लावलेच जात नव्हते. इमेजमध्ये आधीच सेट-यूआयडी शेल ठेवलेला असला की झालं.

आता तुमच्या सर्व्हरकडे. आवृत्तीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. रेड हॅट, डेबियन, उबुंटू यांची पद्धत जुना आकडा तसाच ठेवून दुरुस्ती मागे आणण्याची आहे, त्यामुळे ‘५.४ म्हणजे असुरक्षित’ हेही चूक आणि ‘५.१५ म्हणजे सुरक्षित’ हेही. आपल्या वितरणाच्या सुरक्षा पानावर सीव्हीई क्रमांक टाकून कुठल्या पॅकेजमध्ये दुरुस्ती आली ते पाहा. मग यूनेम -आर चालवून प्रत्यक्ष चालू असलेला कर्नल तोच आहे का, हे ताडून घ्या. पॅकेज अद्ययावत आहे पण रीबूटच झालेला नाही, ही स्थिती मला इतक्या ठिकाणी भेटते की आता आधी तेच विचारतो. लाइव्ह पॅचिंगची (रीबूटशिवाय दुरुस्तीची) सेवा असेल तर उत्तम, मात्र हा विशिष्ट सीव्हीई तिने खरोखर झाकला आहे का, हे तिच्या यादीत पाहिल्याशिवाय निर्धास्त होऊ नका.

आज रीबूट शक्यच नसेल तर काही दारं तात्पुरती लावता येतात. साध्या खात्यांना युजर नेमस्पेस बंद करा: डेबियन आणि उबुंटूवर कर्नलच्या अनप्रिव्हिलेज्ड-यूजरएनएस-क्लोन या सेटिंगला ०, इतरत्र कमाल युजर नेमस्पेसची संख्या ०. दुसऱ्या सेटिंगने नेमस्पेस रूटसकट सगळ्यांनाच बंद होतात आणि रूटशिवायचे कंटेनर, फ्लॅटपॅक, काही ब्राउझरांचे सँडबॉक्स मोडतात. निव्वळ वेब सर्व्हरवर बहुधा कोणाला पत्ताही लागत नाही. साध्या खात्यांना ईबीपीएफ बंद करायला अनप्रिव्हिलेज्ड-बीपीएफ-डिसेबल्डला १ द्या; पण १ दिल्यावर तो पुढच्या रीबूटपर्यंत मागे घेता येत नाही, नव्या कर्नलांवर २ दिला तर घेता येतो. या उपायांवर फार भिस्त मात्र ठेवू नका. सिकोयाच्या वेळी क्वालिसनेच बजावलं होतं की नेमस्पेस बंद केली तरी फ्यूजच्या वाटेने लांब डिरेक्टरी माउंट करता येईल, आणि ईबीपीएफ बंद केलं तरी त्या दहा बाइटांना दुसरं लक्ष्य मिळू शकेल. दुरुस्त कर्नल हाच उपाय.

कंटेनर असतील तर एक गैरसमज काढून टाका. कंटेनरला वेगळा कर्नल नसतो, यजमानाचाच असतो. डॉकरचं मूळचं सेककॉम्प (सिस्टीम कॉल गाळणारी चाळणी) धोरण, खास अधिकार नसलेल्या कंटेनरला माउंट आणि नवी युजर नेमस्पेस नाकारतं, म्हणून यातले बरेच दोष तिथून पेटत नाहीत. कुबरनेटीसमध्ये मात्र सेककॉम्प प्रोफाइल स्वतः रनटाइम-डिफॉल्ट असं नेमून द्यावं लागतं, नाहीतर कंटेनर मोकळाच चालतो. ही एक ओळ पॉडच्या वर्णनात आहे का, हे आजच पाहा.

कोणी प्रयत्न करून गेलं का, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. कर्नल लॉगमध्ये ‘उप्स’ची (कर्नलच्या आत बिघाड झाल्याची) नोंद, विशेषतः एखाद्या वेब सेवेच्या खात्याखाली चाललेल्या प्रक्रियेत; कारण असे हल्ले बरेचदा आधी फसतात आणि फसले की कर्नल ओरडतो. डीएफ -आय या आज्ञेत इनोडांची अचानक उडी. बॅकअप किंवा शोध घेणारं साधन ‘पाथ फार लांब’ म्हणून एखाद्या तात्पुरत्या डिरेक्टरीत अडकणं. आणि सेट-यूआयडी फाइलींची यादी, जी वितरणाच्या पॅकेजांशी ताडून पाहायची. मूळ पॅकेज नसलेली, रूटच्या मालकीची फाइल /टेम्प किंवा अपलोडच्या डिरेक्टरीत दिसली तर मग पॅच करण्याची वेळ निघून गेली आहे. तो सर्व्हर नव्याने उभा करा आणि त्यावरच्या सगळ्या किल्ल्या बदला.

यंत्रं बरीच असतील तर क्रम असा लावा. बाहेरच्यांचा कोड मुद्दाम चालवणारी यंत्रं सर्वांत आधी: सीआय रनर (कोडची आपोआप बांधणी-चाचणी करणारी यंत्रं), शेअर्ड होस्टिंग, विद्यार्थ्यांचे किंवा संशोधकांचे सामाईक सर्व्हर, अनेक ग्राहकांचे कंटेनर चालवणारे नोड. यांच्यासाठी रात्रीची वाट पाहू नये. मग इंटरनेटकडे तोंड असलेले वेब आणि मेल सर्व्हर; तुमचा तीन लॉगिनवाला यातच मोडतो, म्हणून ‘याच आठवड्यात’. आतल्या जाळ्यातला, एकच सेवा चालवणारा डेटाबेस सर्व्हर नेहमीच्या देखभालीच्या वेळेपर्यंत थांबला तरी चालेल, मात्र वेब सर्व्हरवरून त्यावर थेट लॉगिन करता येत असेल तर तोही दुसऱ्या गटात घ्या.